आईबाबांसाठी वृद्धाश्रमासारखी जागा शोधताय? आधी हे बघा

आधी आठवडाभर नीट बघा की त्यांना नेमकी कशाला मदत लागते, अंघोळ, गोळ्या, की रात्री बाथरूमला उठताना. बाकी सगळं स्वतःचं स्वतः होत असेल तर नाशिकला सिडकोतल्या आपल्याच घरात दिवसभराची मावशी आणि कमोडशेजारी धरायला दांडा एवढ्यावर भागतं, उगाच हलवू नका. पण गॅस चालू राहायला लागला, गल्ली विसरायला लागले, तर चोवीस तास माणूस हवाच. गंगापूर रोडकडे एखादी जागा बघायची तर संध्याकाळी न सांगता जा, ताटात काय वाढलंय बघा, रात्री ड्युटीला किती जण ते विचारा, डिपॉझिट परतीचं लेखीच घ्या. घर मुलांच्या नावावर करताय? बक्षीसपत्रात सांभाळायची अट टाकाच, आईवडील आणि ज्येष्ठांच्या सांभाळाच्या २००७ च्या कायद्याचा आधार मिळतो. अडलं तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला फोन करा, फुकट आहे.