दिव्याखाली व्हिडिओत पट्टे सरकतात तेव्हा

एलईडी किंवा ट्यूबलाइटखालच्या व्हिडिओत आडवे काळपट पट्टे सरकताना दिसले, तर बहुतेक वेळा कॅमेरा बिघडलेला नसतो, शटर स्पीड (प्रत्येक फ्रेमसाठी कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो तो वेळ) चुकलेला असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण कॅमेऱ्यातला सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळसर येतात.

मॅन्युअल मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला लुकलुकीचे पूर्ण फेरे मिळतात. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. उजेड जास्त वाटला तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) उतरवा, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करा किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा, शटरला मात्र हात लावू नका. (ऑटो मोड नेमकी हीच खोडी करतो.)

डिमरवरचे स्वस्त एलईडी याला अनेकदा दाद देत नाहीत, कारण त्यांची लुकलुक विजेच्या हर्ट्झशी बांधलेली नसते. तिथे डिमर पूर्ण वाढवून पाहा. स्लो मोशनमध्ये आणखी एक अडचण: सेकंदाला १२० फ्रेम टिपताना शटर १/१२० पेक्षा सावकाश ठेवताच येत नाही, म्हणजे १/१०० हातचं गेलं. ५० हर्ट्झला तेव्हा १०० फ्रेमचा पर्याय निवडा.