पोह्यांवरच्या शेवेतले मीठही मोजा
इंदूरच्या मराठी घरांत रक्तदाब वाढला की भाजीतले मीठ लगेच कमी होते, पण सकाळच्या पोह्यांवर भुरभुरलेले जिरावण (चटपटीत इंदुरी मसाला) आणि मूठभर शेव मात्र कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, मीठ खावे आणि या हिशेबात जिरावणातले काळे मीठ, लोणचे, पापड हे सारे धरावे लागते. शेवेऐवजी लिंबू, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे घ्यावेत. अस्सल इंदुरी माणसाला हे पटणे कठीण, हे मान्य. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे. रक्तदाबाची चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.