रेग्युलेटर बिघडलाय का, हे काटे बघून कसं ओळखायचं

भोसरी एमआयडीसीत आमची फॅब्रिकेशनची शेड आहे, दिवसभर गॅस कटिंग चालू असतं. फ्लेम नीट लागत नाही म्हटलं की पोरं आधी नोजल साफ करतात, मग नोजल बदलतात, मग बाटली कमी भरून दिली म्हणून गॅसवाल्याला फोन करतात, आणि रेग्युलेटरकडे, म्हणजे बाटलीच्या (सिलिंडरच्या) तोंडावर बसून गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागाकडे, कोणी बघतच नाही. खरं तर त्याच्यावर दोन गेज लावलेत, मोठ्या प्रेशरचा बाटलीतलं प्रेशर दाखवतो आणि छोटा पाईपकडे जाणारं, आणि ते काटेच सांगतात बिघाड कुठे आहे ते, फक्त पाच-दहा मिनिटं उभं राहून बघायला पाहिजे.

सुरुवात अशी करा. बाटली बंद, टॉर्चच्या (हातात धरून कापतो त्या कटरच्या) दोन्ही चाव्या उघडून पाईपमधला गॅस एकेक करून सोडून द्या (आजूबाजूला ठिणगी, बिडी काही नको), परत बंद करा आणि रेग्युलेटरचा नॉब उलटा फिरवून एकदम सैल करा. आता दोन्ही काटे शून्यावर पाहिजेत. गॅस नसताना एखादा काटा वरच अडकलाय तर तो गेज गेला, बदला, त्याच्या आकड्यावर काम करू नका.

मग बाटली हळू उघडायची, आणि समोर नाही, बाजूला उभं राहून. भरलेल्या ऑक्सिजनच्या बाटलीत साधारण 150 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर असतं, ते एकदम सोडलं की आतला गॅस क्षणात दाबला जाऊन प्रचंड तापतो, आणि तिथे तेलाचा थेंब किंवा ग्रीस असेल तर रेग्युलेटर आतून पेट घेतो. म्हणून ऑक्सिजनला तेलकट हात, तेलकट पाना, तेलकट फडकं काहीच लावायचं नाही. नव्या पोराला हे मी पहिल्याच दिवशी सांगतो आणि नंतरही सांगत राहतो.

नॉब सैल असताना बाटली उघडली तर फक्त मोठ्या प्रेशरचा काटा वर जायला पाहिजे. छोट्या गेजचा काटा पण हलायला लागला तर सीट गेली, म्हणजे आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, एकतर कचरा अडकलाय नाहीतर सीटवर खड्डा पडलाय. तो रेग्युलेटर तिथेच काढायचा.

कधीकधी ही सीट इतकी हळू गळते की पटकन कळतच नाही. मागे एकदा डीएच्या, म्हणजे अॅसिटिलीनच्या, बाटलीवर अर्धा किलो सेट केलं, टॉर्च बंद केला आणि चहा आला म्हणून तिथेच उभा राहिलो. टॉर्च बंद केल्यावर काटा किंचित वर जाऊन थांबतो, तेवढं चालतं. हा थांबलाच नाही. चहा संपेपर्यंत पाऊण किलोच्या पुढे गेला होता, कोणी नॉबला हात लावलेला नसताना. मी बाटली बंद केली, माझे हात गार पडले होते. अॅसिटिलीन 1 किलोच्या वर कधीच वापरायचं नाही, त्याच्या पुढे ते हवा नसली तरी स्वतःहून फुटू शकतं. त्यामुळे काटा सरकतोय पण काम तर होतंय ना, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, प्लीज.

गळती बघायची असेल तर प्रेशर सेट करा, टॉर्च बंद, मग बाटली बंद आणि नॉब अर्धा फेरा सैल करा. हा अर्धा फेरा बरेच जण विसरतात आणि मग काटे चुकीचं सांगतात. पाच मिनिटं थांबा. मोठा काटा उतरला तर गळती बाटलीच्या जोडापाशी किंवा त्या गेजपाशी, छोटा उतरला तर पाईप, क्लिप नाहीतर टॉर्चमध्ये, आणि मोठा उतरतोय पण छोटा चढतोय तर परत तीच सीट. नक्की जागा शोधायला साबणाचं पाणी लावा, काडी ओढून बघणारे अजूनही आहेत, ते बंद करा. नॉबच्या खालच्या टोपणाला बारीक भोक असतं, तिथून बुडबुडे आले तर डायफ्राम, म्हणजे आतला प्रेशर सांभाळणारा लवचिक पडदा, फाटलाय. बाटलीच्या जोडाला टेफलॉन टेप गुंडाळू नका, पुसून घ्या आणि बसवा. डीएचा नट उलट्या आट्याचा असतो आणि त्याच्यावर खाचा असतात, बसत नाही म्हणून जोर लावू नका.

प्रेशर बरोबर पण फ्लेम मरते, अशी तक्रार असेल तर टॉर्चची चावी उघडून काटा बघा. छोटा काटा जागेवर आहे तर रेग्युलेटर चांगला आहे, पुढे फ्लॅशबॅक अरेस्टर (आग उलटी पाईपमधून मागे येऊ न देणारा भाग), पाईप नाहीतर नोजल चोक आहे. काटा खाली पडतोय तर बाटली संपत आलीय, नीट उघडलेली नाही, किंवा रेग्युलेटरच्या तोंडाची जाळी भरलीय. जाड प्लेट बराच वेळ कापताना ऑक्सिजनच्या रेग्युलेटरवर बर्फ धरला तर कोमट पाण्याचं फडकं ठेवा, फ्लेम दाखवू नका. आणि डीएची बाटली टेम्पोत आडवी आली असेल तर जेवढा वेळ आडवी होती निदान तेवढा वेळ उभी ठेवून मगच वापरा, नाहीतर आतलं अॅसिटोन रेग्युलेटरमध्ये येऊन रबर खातं.

दुरुस्तीचं म्हणाल तर गेज बदलण्यापलीकडे ऑक्सिजनचा रेग्युलेटर शेडमध्ये उघडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, आपला टेबल, आपली हत्यारं, सगळीकडे तेल असतं. रिपेअर करणाऱ्याकडे द्या नाहीतर पुण्यात बोहरी आळीत जाऊन नवा घ्या, आयएस 6901 चा (रेग्युलेटरच्या भारतीय मानकाचा) मार्क बघून.

संध्याकाळी काम संपलं की बाटल्या बंद, पाईप रिकामे, आणि नॉब पूर्ण सैल. नॉब घट्ट राहिला तर सकाळी बाटली उघडल्या उघडल्या सगळा दणका थेट डायफ्रामवर बसतो, आणि चांगले रेग्युलेटर आमच्याकडे असेच सगळ्यात जास्त गेलेत.