पगार जास्त जमा झाला आणि आता कंपनी परत मागतेय? या चुका टाळा

"काका, एचआरचा मेल आलाय. वर्षभरात तीस हजार जास्त दिलेत म्हणे. मी 'ओके' लिहून टाकलं. आता काय करू?"

असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. आकडा दर वेळी वेगळा, 'ओके' मात्र ठरलेलं. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत बावीस वर्षं मी पगारपत्रकं केली. आता निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या सॅलरी स्लिपा वाचून देतो. जास्तीचा पगार चुकून देणाऱ्यांत मी होतो, तो कापून घेणाऱ्यांतही होतो, तेव्हा दोन्ही बाजू बघून सांगतोय.

आधी कडू घोट. जास्त आलेले पैसे बहुतेक वेळा परत द्यावे लागतात. चूक कंपनीची म्हणून पैसे आपले, असं होत नाही. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७२ सरळ सांगतं की चुकून मिळालेला पैसा परत करायचा. पगारातून तो कापून घ्यायची मुभाही कायद्याने मालकाला दिलेली आहे. आधी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात ती होती, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आहे. "पण मी ते खर्च केले" हे उत्तर चालत नाही. भांडायला जागा आहे ती किती, कुठल्या महिन्यांचे आणि किती हप्त्यांत, एवढ्या तीन गोष्टींवर. आणि लोक नेमकं हेच न विचारता 'ओके' पाठवतात.

हिशोब न बघता 'मान्य' लिहिणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझाही हात होता.

२०१९ सालची गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर एक ऑपरेटर होता. पगार २३,०००. रात्रपाळीला दर रात्री १२० रुपये भत्ता. कागदोपत्री तो रात्रपाळीतून सुटून पहिल्या पाळीत आला, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावापुढचा भत्ता बंद करायचं राहिलं. सोळा महिने तो चालूच राहिला. ऑडिटमध्ये सापडल्यावर वसुलीचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? पाळ्यांचं वेळापत्रक उघडलं, महिन्याला वीस रात्री धरल्या, वीस गुणिले १२० म्हणजे २,४००, सोळा महिन्यांचे ३८,४००. पाच मिनिटांत तक्ता तयार. साहेबांची सही झाली, तीन हप्ते ठरले, पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं: "चूक मान्य. कापून घ्यावे."

पुढच्या महिन्याची त्याची स्लिप मला अजून पाठ आहे. २३,००० मधून पीएफ १,८००, प्रोफेशनल टॅक्स २००, पतसंस्थेचा हप्ता ४,०००, वसुली १२,८००. हातात ४,२००.

तो माझ्या टेबलापाशी आला तेव्हा त्याने खिशातून एक डायरी काढली. मेडिकलवाले दिवाळीला फुकट देतात तसली, कोपऱ्यांना कूलंटचे डाग. रोजच्या तारखेपुढे एकच अक्षर: 'प', 'दु' किंवा 'रा'. त्या सोळा महिन्यांतले पाच महिने ओळीने 'रा', 'रा', 'रा'. त्याच्या जोडीदाराचा अपघात झाला होता आणि सुपरवायझरने याला तोंडी रात्रपाळीवर घेतलं होतं. वेळापत्रकात ते कुणी चढवलंच नव्हतं. मी पंचिंगच्या नोंदी काढल्या. आत रात्री १०:५२, बाहेर सकाळी ७:०६. पाचही महिने तसंच. म्हणजे १२,००० रुपये त्याने रात्री जागून कमावलेले होते आणि मी ते 'जास्तीचे' म्हणून लावले होते. खरी वसुली २६,४०० चीच.

मला वाटलं, आकडा बदलला की झालं. कुठलं काय! वर गेलो तर उत्तर आलं, "त्याने लेखी मान्य केलंय ना?" त्या चार शब्दांच्या मेलने अकरा आठवडे खाल्ले. शेवटी युनियनच्या माणसाने दुसरंच टोक पकडलं. तेव्हाच्या कायद्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता येत नव्हतं, सहकारी संस्थेचा हप्ता त्यात असेल तर ७५ टक्क्यांवर. इथे २३,००० मधले १८,८०० कापलेले, म्हणजे ८१ टक्क्यांच्या वर. हे ऐकल्यावर मात्र फाइल हलली. कापलेले १२,८०० वजा जाऊन राहिलेले १३,६०० दरमहा १,७०० प्रमाणे आठ हप्त्यांत घ्यायचं ठरलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच उत्तर लिहायला लावतो. "आपलं पत्र मिळालं. महिनावार तपशील आणि ज्या नोंदींवरून हिशोब केला त्या पाठवाव्यात. ते तपासून मी उत्तर देईन. तोपर्यंत पगारातून कपात करू नये." 'मिळालं' हा शब्द ठेवा, 'मान्य' काढून टाका. बस.

तपशील आला की मी लांब वही काढतो. पेन्सिलने पाच रकाने: महिना, द्यायला हवे होते, दिले, फरक, हातात आलेले. एक्सेल मला येतं, पण पेन्सिलने लिहिताना प्रत्येक महिन्यापाशी थांबावं लागतं, आणि चूक नेहमी तिथेच सापडते. त्या ऑपरेटरच्या वेळी मी असा थांबलो असतो तर हे रामायण झालंच नसतं.

इथे हल्लीच्या पोरांबद्दल एक तक्रार. महिनावार स्लिपा पाठव म्हटलं की उत्तर येतं, "काका, ते नंतर बघू, आधी नोटिशीचा फॉरमॅट द्या ना." फॉरमॅट घेऊन करणार काय? आकडाच माहीत नसेल तर कडक भाषेतली नोटीस म्हणजे रिकामं पाकीट. मी फॉरमॅट देत नाही. स्लिपा आणल्याशिवाय चहासुद्धा देत नाही.

'निम्मा पगार' म्हणजे सीटीसीचा निम्मा समजणं

नव्या संहितेत सगळ्या कपाती मिळून कमाल मर्यादा सरसकट ५० टक्के आहे, आणि जुना कायदा २४,००० रुपयांपर्यंतच्याच पगाराला लागू होता, ती अटही राहिलेली नाही. त्यामुळे बाणेर-हिंजवडीच्या मोठ्या पगारवाल्यांनाही ही मर्यादा धरून बोलता येतं. मात्र हे ५० टक्के 'वेतना'चे, आणि वेतन कशाला म्हणायचं याची व्याख्या संहितेत दिलेली आहे. ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्याला (सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) दोनने भागून भांडायला जाल तर हसं होईल. आणि ५० टक्के ही वरची मर्यादा झाली. घरभाडं आणि कर्जाचे हप्ते दाखवून कमी हप्ता मागा, मिळतो. तोंडी मात्र ठरवू नका.

हातात आले त्यापेक्षा जास्त परत देणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. शिकलेले लोक हमखास करतात.

माझी भाची हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. फेब्रुवारीत तिला चुकून दुसऱ्याच कुणाचा ६०,००० चा बोनस लागला. ती २० टक्क्यांच्या टप्प्यात, सेस (करावरचा उपकर) धरून २०.८. टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) १२,४८० कापला जाऊन बँकेत ४७,५२० आले. मे महिन्यात कंपनी जागी झाली आणि मेल आला: "कृपया ६०,००० परत करावेत." बाईसाहेब लगेच नेटबँकिंग उघडून बसल्या. "मामा, एकदा देऊन टाकते, कटकट नको." मी म्हटलं, अगं, तुला मिळाले किती आणि देतेस किती? ते १२,४८० तुझ्या हाताला लागलेच नाहीत, ते तुझ्या नावाने सरकारजमा झाले आहेत.

पैसे मिळाले त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे ३१ मार्चच्या आत वसुली झाली तर गोष्ट सोपी. पुढच्या पगारात उत्पन्न कमी दाखवलं जातं आणि टीडीएस आपोआप जुळतो. मार्च उलटला की गुंता. जुन्या वर्षाच्या फॉर्म १६ मध्ये (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला) ते साठ हजार तुमचं उत्पन्न म्हणून बसलेले असतात. अशा वेळी आधी लेखी विचारा: वसुली हातात आलेल्या रकमेची की पूर्ण रकमेची? टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करून नवा फॉर्म १६ देणार का? पीएफ त्या रकमेवर कापला असेल तर त्याचं काय? स्वतःचं रिटर्न भरायच्या आधी हे पक्कं झालं पाहिजे. भाचीने मेल टाकला. तीन आठवडे "वुई आर चेकिंग" ऐकून घेतलं, पण शेवटी ४७,५२० वर आणि चार हप्त्यांवर गाडी आली. ११,८८० चा एक हप्ता. तिला अजून वाटतं मी उगाच ताणलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'पाच वर्षांचा निकाल' फेकणं

"सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पाच वर्षांपूर्वीची वसुली करता येत नाही." बरोबर, पण कुणाकडून ते त्या फॉरवर्डमध्ये नसतं. तो डिसेंबर २०१४ चा पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह हा निकाल, आणि विषय सरकारी कर्मचाऱ्यांचा. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे. वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चुकीचं वेतन मिळालेले. वरच्या पदाचं काम करून घेऊन त्याचा पगार दिलेले. आणि वसुली उघडच जाचक ठरेल अशी प्रकरणं. यांच्याकडून वसुली नको, असं त्यात म्हटलंय. खासगी कंपनीच्या एचआरपुढे हा निकाल ठेवलात तर तो फक्त मान डोलावेल.

ज्यांना तो खरंच लागू पडतो ते मात्र गप्प बसतात. जिल्हा परिषदेचे शिक्षक, पालिकेचे कारकून, शिपाई. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकलेली निघते आणि कागदावर 'अतिप्रदान', म्हणजे जास्त दिलेली रक्कम, हा शब्द येतो. की लगेच, "जाऊ दे, पेन्शन अडकेल" म्हणून मुकाट भरतात. अहो, २०२२ मध्ये केरळमधल्या एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात, थॉमस डॅनियल, सुप्रीम कोर्टाने अशीच वसुली रद्द केली. त्यांनी काही लपवलं नव्हतं, चूक खात्याची होती.

एक धोंडा यात आहे: हमीपत्र. वेतन आयोगाच्या वेळी "जास्त रक्कम दिली गेल्यास परत करीन" असा कागद सगळ्यांच्या गठ्ठ्यात घालून सही घेतात. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात असं हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडची वसुली सुप्रीम कोर्टाने योग्य ठरवली. तेव्हा कुणाचा निकाल कुठे वाचला यापेक्षा आधी आपलं सेवापुस्तक मागा आणि तो कागद आहे का बघा. असला तरी आपण कुठल्या वर्गात होतो आणि सही नेमकी कशावर केली, हे वकिलाला दाखवा. चहाच्या टपरीवर नको.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

जास्त पैसे दिसले आणि गप्प बसलात? त्याच दिवशी मेल टाका आणि रक्कम वेगळी ठेवा, पुढे तुमच्या प्रामाणिकपणाचा तेवढाच पुरावा.

रागावून राजीनामा देऊ नका. सगळी वसुली शेवटच्या हिशोबात एकदम येऊन बसते.

तो हिशोब 'बघू नंतर' म्हणून सोडू नका. राजीनाम्यानंतर देणं दोन कामाच्या दिवसांत चुकतं करावं असं संहिता सांगते.

कोऱ्या 'संमतिपत्रा'वर सही? मी काही बोलत नाही.

पीएफला मालकाने हात लावायचा नाही. ग्रॅच्युइटी रोखायची कारणं कायद्यात मोजून दिलेली आहेत आणि अकाउंट्सची चूक त्यात नाही.

बोलून भागलं नाहीच तर

पुण्यात वाकडेवाडीला अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. बेकायदा कपातीचा अर्ज कुणापुढे करायचा ते तिथे विचारा. संहितेखाली त्याला तीन वर्षांची मुदत आहे (जुन्या कायद्यात बारा महिनेच होते) आणि भरपाई कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत मिळू शकते. दहापट ऐकून डोळे चमकवू नका, ती कमाल मर्यादा आहे. मी बहुतेकांना आधी एचआरलाच दुसरं पत्र द्यायला लावतो.

जाताना वहीचं ते पान, सगळ्या स्लिपा, बँकेचं पासबुक, कंपनीचं पत्र आणि तुमचं उत्तर, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. एक संच आत द्यायचा, दुसऱ्यावर आवक क्रमांक आणि तारखेसह पोचेचा शिक्का घ्यायचा. शिक्का मारणारे जेवायला गेले असतील तर थांबा, पण शिक्क्याशिवाय निघू नका.