ओळखीच्या शब्दानेच घात केला

जेन ऑस्टिनची इंग्रजी कादंबरी 'प्राइड अँड प्रेज्युडिस' वाचायला घेतली तेव्हा मला धास्ती होती ती अनोळखी शब्दांची. पेन्सिलीच्या खुणा, शेजारी कोश, वहीत अर्थ. त्या शब्दांनी काहीच बिघडवलं नाही, कारण अडलं की आपण शोधतोच. मी फसले ते 'हा तर येतो' म्हणून ओलांडलेल्या शब्दांवर.

कादंबरी 1813 ची. चौथ्या प्रकरणात नायिका एलिझाबेथ आपल्या बहिणीच्या, जेनच्या 'कँडर'विषयी बोलते. कँडर म्हणजे स्पष्टवक्तेपणा, हे मला पाठ. मग कुणाला वावगा शब्द न बोलणारी जेन स्पष्टवक्ती कशी? मी शब्दावर शंका घेतली नाही, जेनलाच आतल्या गाठीची ठरवलं आणि निम्मी कादंबरी तशीच रेटली. त्या काळी या शब्दात दुसऱ्याविषयी चांगलंच मनात आणण्याचा भाव होता. एलिझाबेथ तो तिथेच उलगडते: प्रत्येकातलं चांगलं तेवढं घ्यायचं, ते आणखी खुलवायचं, वाइटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अर्थ डोळ्यांसमोर छापलेला होता आणि मला दिसला नाही. याचं आजही वाईट वाटतं.

'कन्डिसेन्शन'चंही तेच. आज त्यात तुच्छता आहे. पण कादंबरीतला पाद्री कॉलिन्स त्याच्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या या गुणाचे गोडवे गातो ते मनापासून, कारण तेव्हा त्याचा अर्थ होता थोरामोठ्यांनी आपला मान बाजूला ठेवून खालच्यांशी आपुलकीने वागणं. कादंबरीच्या पहिल्याच वाक्यातला 'वॉन्ट'सुद्धा इच्छा नव्हे, उणीव.

'कोश मिटा, संदर्भातून अर्थ कळतो' असं मला एका मार्गदर्शकांनी सांगितलं होतं. हा सल्ला नवख्याला बुडवतो. संशय आला तरच संदर्भ मदत करतो. तयार शब्दयाद्या तर घेऊच नका, त्यांत फक्त अवघड दिसणारे शब्द असतात. ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडा. त्यात अर्थ कालक्रमाने आणि त्या त्या काळातल्या उताऱ्यांसह दिलेले असतात. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी कोशात 'कँडर'खाली दयाळूपणाही सापडतो.

घाबरू नका. असे शब्द त्याच कादंबरीत पुन्हा पुन्हा येतात, दुसऱ्या वाचनात ते आपोआप खटकतात. पात्राचं वागणं आणि त्याला लावलेलं विशेषण जुळेना, की मी आता आधी विशेषणाखाली रेघ मारते.