आई-वडिलांसोबत श्रीलंकेची बौद्ध यात्रा: आधी पायांचा विचार करा

श्रीलंकेतल्या प्रत्येक विहारात आणि स्तूपाच्या अंगणात चपला काढाव्या लागतात, टोपीही. वयस्कर आई-वडिलांना नेताना सगळा कार्यक्रम याच नियमाभोवती आखावा. अनुराधपुरातली दगडी अंगणं दुपारी तव्यासारखी तापतात. मधुमेहामुळे तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका बसल्याचं कळतही नाही, संध्याकाळी हॉटेलवर फोड दिसतात. म्हणून दर्शन सकाळी साडेसहा ते साडेनऊ किंवा संध्याकाळी साडेचारनंतर घ्या. मधला वेळ जेवण, झोप आणि गाडीतल्या प्रवासासाठी ठेवा. मोजे घातलेले चालतात, पण साधे सुती मोजे गुळगुळीत पायरीवर घसरतात. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे प्रत्येकी तीन जोड घ्या आणि रोज रात्री त्यांचे तळपाय स्वतः तपासा.

मुंबईहून कोलंबोचं थेट विमान साधारण अडीच तासांत पोचतं. घड्याळ आपलंच असल्याने गोळ्यांच्या वेळा बदलत नाहीत. आठवडाभर हाताशी असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला, मग अनुराधपूर, दांबुल्ला आणि कँडी इथे दोन-दोन रात्री काढा. ड्रायव्हरसह गाडी पूर्ण प्रवासासाठी ठरवा. नेगोंबो ते अनुराधपूर सुमारे चार तास, पुढे दांबुल्ला दीड तास, तिथून कँडी अडीच तास. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं ठेवू नका. फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम, एप्रिलपासून उत्तरेकडचं ऊन सोसत नाही.

अनुराधपुरात खरा वेळ द्या. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इथे आणली, ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. तोच जय श्री महाबोधी. वृक्ष उंच ओट्यावर आहे, भाविक खालच्या ओट्यावरून वंदन करतात. बहुतेक लोक इथून रुवनवेलीसाया स्तूपापर्यंत अनवाणीच चालत जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी हा हट्ट करू नये. चपला पिशवीत घालून सोबत ठेवा आणि ड्रायव्हरला गाडी स्तूपाच्या बाजूला आणायला सांगा. बोधिवृक्ष सकाळी, स्तूप संध्याकाळी केला तर आणखी बरं.

मिहिंतले तिथून 13 किलोमीटरवर. अशोकाचा पुत्र थेर (ज्येष्ठ भिक्खू) महिंद आणि लंकेचा राजा देवानंपियतिस्स यांची भेट झाली ती ही टेकडी. पायथ्यापासून 1,840 पायऱ्या आहेत, पण जुन्या रस्त्याने गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते आणि निम्म्याहून जास्त चढ वाचतो. ड्रायव्हरला हे आधीच सांगा. वरचा आराधना गल हा कातळ उभा आणि गुळगुळीत आहे, तो आई-वडिलांनी खालूनच पाहावा.

दांबुल्लाच्या पाच लेण्यांसाठी साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. तिकीट खालीच घ्यावं लागतं, हे माहीत नसलेले लोक वर जाऊन परत उतरतात. दर पन्नास पायऱ्यांनी बसा. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून खाऊ गाडीत ठेवा. सिगिरियाच्या हजाराहून अधिक पायऱ्या मात्र सरळ वगळा. तो सकाळचा वेळ पोलोन्नरुवाच्या गल विहाराला द्या: एकाच कातळात कोरलेल्या बाराव्या शतकातल्या मूर्ती, त्यातली महापरिनिर्वाणाची सुमारे 14 मीटर लांब. तिच्यासमोर निवांत बसू द्या, घाई करू नका.

कँडीच्या दंतधातू मंदिरात, म्हणजे बुद्धांचा दात जपलेल्या मंदिरात, पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पूजा होते. संध्याकाळी रांग दाटते, सकाळची पूजा सोयीची. दिसते ती दात ठेवलेली सोनेरी मंजूषा, प्रत्यक्ष दात नव्हे. हे आधीच सांगून ठेवलं तर हिरमोड होत नाही. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. उपासकांची पांढरी गर्दी पाहण्यासारखी असते, पण रेटारेटी सोसणार नसेल तर त्या दिवशी मोठं ठिकाण ठेवू नका.

कपडे पांढरे किंवा फिके, खांदे आणि गुडघे झाकणारे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान मानतात आणि पहारेकरी लगेच टोकतात. घोळका करून सेल्फी घेताना ही चूक हमखास होते. वाहायच्या फुलांचा वास घेऊ नका, हे आपल्या आईला सांगावं लागणार नाही. घरी त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्या आई-वडिलांना तिथली पाली वंदना ओळखीची वाटते. त्यांना इतरांबरोबर बसून म्हणू द्या, यात्रेतलं मोठं समाधान तिथेच मिळतं.

शाकाहारी असाल तर 'उंबलकड नको' असं प्रत्येक हॉटेलात सांगा. ही सुक्या माशाची पूड खोबऱ्याच्या चटणीत आणि भाज्यांतही असते.

निघण्यापूर्वी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते पाहा. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत जाण्याची ऑनलाइन परवानगी, फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा, सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे घेतात. अनुराधपूर आणि पोलोन्नरुवाच्या तिकिटांवर भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, पण मूळ पासपोर्ट दाखवल्यावरच. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया लपवू नका, नाहीतर दावा फेटाळला जातो. औषधं मुक्कामापेक्षा पाच दिवस जास्तीची, चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक 1990 आहे. तो आई-वडिलांच्या फोनमध्येही साठवा आणि हॉटेलचं कार्ड त्यांच्या खिशात ठेवा.