मोस्तारला जायचंय? आधी व्हिसाचा स्टिकर बघा

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकहून सकाळी निघालं की पोचितेलच्या किल्ल्याचे पडके बुरूज आणि युद्धानंतर पुन्हा उभं राहिलेलं मोस्तार बघून रात्री परतता येतं. अडचण एकच: ही दोन्ही ठिकाणं बोस्नियात आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, बोस्निया नाही, म्हणजे हद्द ओलांडली की तुम्ही शेंगेनबाहेर. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत आत येता येत नाही. आमच्या नाशिकच्या ग्रुपमधल्या काका-काकूंना हे ऐन सकाळी कळलं. दोघं हॉटेलवरच राहिले, फार वाईट वाटलं.

१. अर्जात ‘मल्टिपल एंट्री’वर खूण करा, बोस्नियाचा दिवस प्रवास-कार्यक्रमात लिहा.
२. पासपोर्ट हातात पडताच स्टिकरवरचा प्रवेशसंख्येचा रकाना बघा. तिथे ‘मल्ट’ (MULT, म्हणजे अनेक प्रवेश) हवं. ०१ असेल तर ही सहल सोडा.
३. बोस्नियाचे प्रवेशनियम निघण्याआधी त्यांच्या दूतावासाकडे तपासा.

आणि जपून: १९९३ साली पडलेला आणि २००४ साली पुन्हा बांधलेला मोस्तारचा जुना पूल चांगलाच चढाचा आहे, दगड गुळगुळीत. आडव्या उंचवट्यांवर पाय रोवत चाला.